आजोळाला शब्द आहे, आमच्या घराला नाही

प्रति,
माननीय विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

मी कोरेगाव भीमाची. जिल्हा परिषदेच्या शाळेत 33 वर्षं शिकवून निवृत्त झाले. गावाचं नाव वाचून आपल्या कार्यालयात कुणाच्या कपाळाला आठी पडली असेल, तर तिची गरज नाही. हे पत्र 1 जानेवारीच्या विजयस्तंभाच्या मानवंदनेविषयी नाही आणि त्या दिवशीच्या बंदोबस्ताविषयीही नाही. (जाता जाता सांगते, तो विजयस्तंभ आमच्या हद्दीत नाहीच. तो नदीपलीकडे पेरण्यात, हवेली तालुक्यात आहे. नाव मात्र आमचं झालं.) मी लिहिते आहे माझ्या नातीविषयी. ती 8 वर्षांची आहे आणि आईबरोबर दौंड तालुक्यात, आईच्या माहेरी राहते. शिक्रापूरवरून न्हावरे, न्हावऱ्यावरून चौफुला, अशी जेमतेम तासा-दीड तासाची वाट. मधे आडवी येते ती आमचीच भीमा.

माझ्या मुलाचा आणि सुनेचा घटस्फोट सामंजस्याने झाला. आमच्याकडे त्याला 'म्युच्युअल' म्हणतात. चूक कुणाची हे मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर मुलाची आई म्हणून लिहीन, आणि मग माझ्या विहिणीलाही असंच एक पत्र आपल्याला लिहावं लागेल. दोघांनी सह्या केलेल्या कागदात पोटगीची रक्कम होती, दागिन्यांची यादी होती, शाळेची फी कोण भरणार ते होतं. मुलीला भेटण्याबद्दल एक कलम होतं: वडिलांनी महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी 11 ते 1 या वेळात भेटावं. मी तो कागद तेव्हा दोनदा वाचला. शिक्षिकेची सवय, शुद्धलेखनाच्या चुका शोधत वाचते. आपण त्यात कुठेच नाही, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पहिल्या पाच-सहा भेटींना मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून मीही गेले. डब्यात शेंगदाण्याची पोळी, पिशवीत गोष्टीची पुस्तकं. मग त्याची बदली कंपनीच्या गुजरातच्या प्लांटला झाली. सुरुवातीला महिन्याला एक फेरी व्हायची, पुढे सणाला. त्याने दुसरं लग्न केलं आणि फेऱ्या थांबल्या. तो जाईना, तर मी एकटी जाते म्हणून मी वकिलांकडे गेले. वकील माझेच जुने विद्यार्थी. ते म्हणाले, "बाई, भेटीचा अधिकार तुमच्या मुलाचा आहे. तो नसेल तर तुम्ही कोण?"

त्यांनी हे वाईट अर्थाने विचारलं नव्हतं, कायद्याच्या अर्थाने विचारलं होतं. त्या दिवशी मला कळलं की इतके दिवस मी भेटायला जात नव्हते. मुलगा जात होता आणि मी त्याच्या गाडीवरच्या सामानासारखी सोबत होते.

महोदय, मी सांगते आहे त्याचं सगळं मूळ इथे आहे. आजी-आजोबांची भेट ही आई किंवा बाप यांच्या भेटीच्या दावणीला बांधलेली आहे. तो खुंटा उपटला, म्हणजे मुलगा गेला, परगावी राहिला, व्यसनात बुडाला किंवा नुसता निष्काळजी निघाला, की आमचीही गाठ सुटते. आणि आमची म्हणजे फक्त बापाकडच्यांची नव्हे. मूल बापाकडे राहिलं आणि आई दूर गेली तर हेच आजोळच्या आजी-आजोबांच्या वाट्याला येतं.

निवृत्त झाल्यावर वेळ होता, म्हणून मी कायदे वाचले. सगळे समजले असं म्हणणार नाही, पण व्याकरण शिकवलेल्या माणसाला वाक्याचा कर्ता कोण हे शोधता येतं. हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्याचं कलम 26 मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांबद्दल आहे, पण तो दावा नवरा-बायकोचा. तिथे तिसऱ्याला जागा नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 चा. त्याच्या कलम 13 मध्ये मुलाचं हित सर्वांत वर ठेवलं आहे, ते उत्तमच. पण नैसर्गिक पालक मोजताना तो आई-बापापाशी थांबतो. मग उरतो 1890 चा पालक व पाल्य कायदा. त्याच्या कलम 8 मध्ये मुलाचा कुणीही नातेवाईक, इतकंच काय, स्नेहीसुद्धा अर्ज करू शकतो असं आहे. वाचून मला बरं वाटलं. पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, हा अर्ज पालक नेमण्यासाठी आहे.

म्हणजे दोन तास नातीशेजारी बसायचं असेल, तर जवळजवळ पालकत्वाच्याच दारातून आत शिरावं लागतं. आता माझ्या सुनेच्या जागी उभं राहून बघा. घरी कोर्टाचं पाकीट येतं, त्यात सासूचं नाव, आणि 1890 च्या कायद्याखाली अर्ज. 'ही माझी मुलगी काढून घ्यायला निघाली' असंच तिला वाटणार. मलाही वाटलं असतं. ती वकील करणार, वकील उत्तरात मी तिचा कसा छळ केला ते लिहिणार, माझा वकील प्रत्युत्तर देणार. एका भेटीसाठी निघालेली आजी सहा महिन्यांत प्रतिवादीची शत्रू होते.

1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात मात्र एक फट आहे. कलम 7 मध्ये त्या न्यायालयाच्या कक्षेत 'अज्ञान मुलाचा ताबा किंवा त्याची भेट' येते असं लिहिलंय. भेट कुणाची, ते लिहिलेलं नाही. त्या न लिहिलेल्या शब्दाच्या जोरावर मुंबई-पुण्याच्या काही आजी-आजोबांनी भेट मिळवली आहे. पण फट ही फट असते. त्यातून कोण आत जाईल हे वकिलाच्या कसबावर आणि न्यायाधीशांच्या मनावर अवलंबून. शिवाय 1890 च्या कायद्याप्रमाणे अर्ज कुठे करायचा, तर मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात. नियम मुलाच्या सोयीचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या खोल्यांमध्ये बीड, नांदेड, हिंगोलीहून आलेले हजारो संसार आहेत. मूल झालं की गावाकडून आजी येते. दहा बाय दहाच्या खोलीत ती बाळाला अंगावर झोपवते, कारण आई पहिल्या पाळीला आणि बाप रात्रपाळीला. माझ्या वर्गात अशी मुलं असायची. पालकसभेला आजीच यायची आणि अंगठा लावायची. त्यातला एक संसार मोडला तर त्या आजीने हिंगोलीहून येऊन इथे तारखा करायच्या. करत नाही कुणी. ती गावाकडे जाते, एवढंच.

आपली मराठी भाषा या बाबतीत फार नेमकी आहे. आईच्या आई-वडिलांच्या घराला शब्द आहे, आजोळ. बापाच्या आई-वडिलांच्या घराला वेगळा शब्द नाही, कारण ते मुलाचं घरच धरलेलं असे. आजोळी जायचं असतं, घरी जायचं नसतं, तिथे आपण असतोच. लग्न मोडलं आणि मूल आईबरोबर गेलं की त्या घराला नावच राहत नाही. माझ्या नातीच्या तोंडून एकदा 'कोरेगावची आजी' ऐकलं. आधी मी नुसती 'आजी' होते आणि दौंडच्या आजीच्या आधी तिच्या गावाचं नाव लागायचं. आता उलटं झालं. यात तिचा दोष नाही. मूल जिथे राहतं तिथून ते मोजतं. 

आता आपल्या खात्याच्या शेजारच्या, म्हणजे महसूल खात्याच्या दारातली एक गोष्ट. 2007 साली 15 ऑगस्टला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, त्यानंतर काही वर्षं मी तिच्या गावातल्या समितीवर होते. बांधाचे, पाण्याचे, भावकीचे तंटे यायचे. त्यातलं एक घर. मुलगा अपघातात गेला, मागे बायको आणि दोन वर्षांचा मुलगा. सून वर्षभराने माहेरी गेली. गावाने तिला नावं ठेवली, त्यात मी नव्हते असं म्हणायला मला आवडेल. जमिनीत त्या गेलेल्या मुलाचा हिस्सा होता, वारस नोंद झाली. तलाठ्याने (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) फेरफार धरला. हिंदू वारसा कायद्यात मयत मुलाची आई, त्याची विधवा आणि त्याची मुलं हे तिघेही पहिल्या वर्गाचे वारस, सारख्या हिश्श्याचे. मयताचा बाप त्या वर्गात नाही, तो दुसऱ्या वर्गात. म्हणून सातबाऱ्यावर नावं अशी लागली: आजी, खाली सून, तिच्याखाली नातू, अज्ञान, अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ता) आई.

आजी निरक्षर. मला म्हणाली, "बाई, माझं नाव कुठंय आणि पोराचं कुठंय ते बोट लावून दाखवा." मी दाखवलं. दोन नावांत एका ओळीचं अंतर होतं. त्या दिवशी नातवाला बघून तिला दीड वर्ष झालं होतं.

समितीने मध्यस्थी केली. सुनेचा भाऊ सभ्य माणूस, चहा पाजला, आणि म्हणाला, "भेटवायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय ते दाखवा, उद्या आणून सोडतो." आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तंटामुक्तीच्या वहीत तो तंटा 'आपसात मिटला' म्हणून नोंदवला गेला. नोंदवणाऱ्याचं अक्षर माझं होतं.

कायद्याने आम्हाला नातवंडांपासून तोडलंय असंही म्हणता येत नाही, म्हणून तर जास्त चमत्कारिक वाटतं. 2007 चाच आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा पाहा. त्यात 'मुले' या शब्दाच्या व्याख्येत नातू आणि नात येतात, अज्ञान सोडून. म्हणजे 18 वर्षं पूर्ण झाल्यावर माझ्या नातीकडून निर्वाह मागायला मी प्रांतसाहेबांपुढे अर्ज करू शकेन. दहा वर्षं जिला भेटू दिलं नाही तिच्याकडे पैसे मागता येतील, पण आज तिचा शाळेतला निबंध वाचता येणार नाही. जमिनीला आम्ही एकमेकांचे, पोटगीला एकमेकांचे, भेटीला परके.

न्यायालयांनी आपल्या परीने बरंच केलंय, ते नाकारणं कृतघ्नपणा होईल. 2020 च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. नवऱ्याच्या मृत्यूनंतर पुन्हा लग्न केलेल्या आईचं म्हणणं होतं की मुलाने बापाच्या आई-वडिलांना जन्मापासून पाहिलेलंच नाही, मग आता भेट कशाला? खंडपीठाने कौटुंबिक न्यायालयाचा भेटीचा आदेश कायम ठेवला. न पाहण्याचं कारण आईच होती, आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांचं प्रेम मुलाला मिळायला हवं, असा त्याचा आशय. 2022 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका मुलाला त्याच्या बापाच्या आई-वडिलांकडे सोपवलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्याचे आई-वडील दोघंही गेले होते, आणि उच्च न्यायालयाने त्याला मावशीकडे दिलं होतं. आजोबा 71 वर्षांचे. वय आणि उत्पन्न ही एवढीच कसोटी धरता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

पण मला सगळ्यांत आवडला तो 6 मे 2019 चा निकाल, तोही महाराष्ट्रातल्या मुलीचा, आणि त्यात आजी-आजोबा नव्हतेच. आई कर्करोगाने गेलेली, बाप मधे गंभीर आजारी, तान्ही मुलगी मावश्या आणि मामाने सांभाळलेली. ताबा बापाला मिळाला. पण न्या. आर. भानुमती यांच्या पीठाने त्या मावश्यांना नुसतं 'या आता' म्हटलं नाही. पहिले तीन महिने सकाळी 8 ते संध्याकाळी 6 मुलीजवळ बापाच्या घरी राहता येईल, नंतर शनिवार-रविवारच्या वेळा, असं ठरवून दिलं. जिच्या अंगाचा वास मुलीला ओळखीचा होता, ती एकदम नाहीशी होऊ नये, याचा विचार कुणीतरी काळ्या डगल्यात बसून केला होता. कायद्यात वेगळं कलम नसताना हे होऊ शकतं. मग कलम का नसावं?

केंद्रीय विधी आयोगाने हे म्हटलेलं आहे. मे 2015 मधला 257 वा अहवाल. अध्यक्ष न्या. अजित प्रकाश शहा, आपल्या सोलापूरचे, मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले. 1890 च्या कायद्यात नवं प्रकरण घालावं, आई-वडिलांचा संयुक्त ताबा हा पर्याय असावा, असं त्यात सुचवलं. सोबतच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 'आजी-आजोबांसोबतचा वेळ' हा स्वतंत्र विषय आहे. अहवाल सादर झाला. त्यावर कायदा झाला नाही.

इथे मला थोडं माझ्याच विरुद्ध बोलायचं आहे, कारण हे पत्र वाचून सर्वांत आधी ज्यांच्या पोटात गोळा येईल त्या माझ्या सुनेच्या वयाच्या बायका आहेत.

आजी-आजोबा म्हणजे दुधावरच्या सायीसाठी डोळे लावून बसलेले गरीब जीव, असं चित्र मी रंगवणार नाही. कित्येक संसार आम्हीच मोडलेले आहेत. सुनेचा फोन तपासणाऱ्या, तिचा पगार मुलाच्या हातात ठेवायला लावणाऱ्या, मुलगी झाली म्हणून बारशाला तोंड पाडून बसणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत; त्यांच्याबरोबर हळदीकुंकू केलंय. मी स्वतः काही वाक्यं बोलले आहे, जी आता परत घेता आली असती तर घेतली असती. भेट मागायला येणारे काही जण नातवासाठी येतात, नातीसाठी येत नाहीत. काहींना भेटीत मुलाकडून आईच्या घरची माहिती काढायची असते: 'मामा आता कुठं असतो? आई कुणाशी बोलते?' काहींना जमिनीच्या कागदावर सही हवी असते. अशा घरातून जीव मुठीत धरून बाहेर पडलेल्या बाईवर कायद्याने पुन्हा सासूची पाळी आणावी, असं मी म्हणणार नाही.

अमेरिकेत हा कडेलोट झाला होता. वॉशिंग्टन राज्यात 'कुणीही, केव्हाही' मुलाच्या भेटीसाठी अर्ज करावा इतका सैल कायदा होता. मुलगा गेलेल्या आजी-आजोबांना महिन्यातून दोनदा नाती हव्या होत्या, आई एकदा म्हणत होती. 2000 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला: मुलाला नीट सांभाळणाऱ्या आईच्या निर्णयाला वजन आहे. बरोबरच आहे ते. आपल्याकडेही 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका 74 वर्षांच्या आजीला नातू आई-बापाकडे परत द्यायला लावला. जुळ्यांपैकी एक तिने जन्मापासून वाढवला होता. माया असली तरी आई-बापापेक्षा मोठा हक्क तयार होत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्या आजीसाठी माझ्या घशाशी आवंढा आला, पण निकाल मला पटला. ताबा आणि भेट यांत जो फरक आहे तो आम्ही आज्यांनीही शिकायला हवा.

फ्रान्सने यातून वाट काढली आहे ती मला शहाणपणाची वाटते. त्यांच्या नागरी संहितेत हक्क आजीचा लिहिलेला नाही, मुलाचा लिहिला आहे: आपल्या आजी-आजोबांशी नातं ठेवण्याचा मुलाला हक्क आहे, आणि मुलाचं हितच त्याच्या आड येऊ शकतं. वाक्याचा कर्ता बदलला की भांडणाचा सूर बदलतो. मग कोर्टाला 'आजी चांगली की सून चांगली' हे ठरवावं लागत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2018 साली एका बल्गेरियन आजीच्या प्रकरणात निकाल दिला, नातू ग्रीसमध्ये बापाजवळ. न्यायालयाने सांगितलं, मुलाच्या भेटीच्या नियमात 'भेट' म्हटलं की त्यात आजी-आजोबांचीही भेट येते. देशाची सीमा ओलांडून ती जे मागत होती, त्यासाठी मला एक तालुका ओलांडायचा आहे.

आपण म्हणाल, हे केंद्राचं काम. मलाही आधी तसंच वाटलं. पण विवाह, घटस्फोट, अज्ञान मुलं हे विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत, पाचव्या नोंदीत आहेत. राज्याला दुरुस्ती करता येते. केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. आणि महाराष्ट्राने हे केलेलं आहे. 1994 साली आपल्या विधिमंडळाने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला. केंद्राला तेच करायला 2005 उजाडलं. त्या 11 वर्षांत आमच्या तालुक्यात काही बहिणींनी भावांकडे हिस्सा मागितला, काही भाऊ बोलायचे बंद झाले, आणि आभाळ कोसळलं नाही.

म्हणून माझी मागणी अशी. 1890 च्या कायद्यात महाराष्ट्रापुरतं एक कलम घाला. मुलाला दोन्हीकडच्या आजी-आजोबांना भेटता यावं, आणि ही भेट आई-बापाच्या भेटीवर अवलंबून नसावी. भेटीचा अर्ज हा भेटीचाच अर्ज असावा, त्याला ताब्याचं शेपूट नको, आणि पहिली तारीख न्यायाधीशांपुढे न होता समुपदेशकापुढे व्हावी. जिथे छळाची तक्रार आहे तिथे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 मध्ये आहे तेच सूत्र ठेवावं: भेट मुलाला अपायकारक वाटली तर न्यायालय ती नाकारेल. सातव्या-आठव्या वर्षापासून मुलाला विचारावं, आणि आजीच्या देखत विचारू नये. लांबच्यांसाठी फोनवरची भेट चालेल. हिंगोलीच्या आजीला आता स्मार्टफोन येतो, तो तिला नातवानेच शिकवलेला असतो.

कलम व्हायला वेळ लागेल, मला ठाऊक आहे. तोवर एक गोष्ट दुरुस्तीशिवाय होण्यासारखी आहे. सामंजस्याच्या घटस्फोटात जे संमतीचे मुद्दे लिहून देतात, त्यात पोटगी, दागिने, फी याखाली एक ओळ वाढवा: दोन्हीकडच्या आजी-आजोबांची भेट कशी होईल? कौटुंबिक न्यायालयांचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आणि काही बाबतीत राज्य सरकारला आहे. आपल्या खात्याने उच्च न्यायालयाला एक विनंतीपत्र धाडावं. 'नाही' असं उत्तर लिहिलं तरी हरकत नाही, पण प्रश्न विचारला जावा. आमच्या कागदात तो असता, तर माझी खात्री आहे, माझ्या सुनेने 'होय' लिहिलं असतं. त्या दिवशी ती माझ्यावर इतकी रागावलेली नव्हती. कुणी विचारलंच नाही. वकिलांनी नाही, न्यायाधीशांनी नाही, आणि मुलाची आई असून मीही नाही.

आज कसं चाललंय ते सांगते आणि थांबते. माझ्या विहिणीला गुडघ्याचा त्रास आहे. दोन-तीन महिन्यांतून ती चौफुल्याला डॉक्टरकडे येते, आणि येताना नातीला घेऊन येते. आदल्या रात्री मला मिस्ड कॉल देते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्रापूरला जाते आणि तिथून मिळेल त्या गाडीने. डॉक्टरकडे गर्दी असते, नंबर लागायला तास जातो. तेवढा तास आम्ही दोघी आज्या आणि एक नात शेजारच्या हॉटेलात बसतो. सुनेला हे ठाऊक आहे, असं मला वाटतं. परवा नातीच्या दप्तरात माझ्यासाठी तिच्या निकालाची झेरॉक्स घडी करून ठेवलेली होती.

विहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं आहे. त्यानंतर तिला चौफुल्याला यायचं कारण राहणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
कोरेगाव भीमा, ता. शिरूर, जि. पुणे